सिंधची खारीक आणि लग्नाचा मांडव

महाराष्ट्रात सुवासिनीची ओटी भरताना तांदूळ किंवा गहू, नारळ आणि खण यांच्याबरोबर हळकुंड, सुपारी, बदाम आणि खारीक घालण्याची रीत आहे, आणि यांपैकी खारीक अगदी अलीकडेपर्यंत मोठ्या प्रमाणावर सिंध प्रांतातून, म्हणजे आजच्या पाकिस्तानातून, येत असे. मुंबईतील मशीद बंदर परिसराचा घाऊक व्यापार नवी मुंबईत हलवला गेल्यापासून तिची मोठी खरेदी-विक्री वाशीच्या मसाला बाजारात होते. हीच खारीक पाकिस्तानात निकाह पार पडताच पाहुण्यांमध्ये वाटली किंवा त्यांच्यावर उधळली जाते. आणि फाळणीनंतर सिंध सोडून उल्हासनगर, मुलुंड, चेंबूर आणि पुढे नवी मुंबईपर्यंत पसरलेल्या सिंधी हिंदू कुटुंबांत ती लग्नापूर्वीच्या एका विधीत वराच्या ओटीत ठेवली जाते. पाकिस्तानातील लग्नाच्या चालीरीतींचा विचार बहुधा धर्म किंवा राष्ट्र यांच्या चौकटीत केला जातो. परंतु विधींमध्ये प्रत्यक्ष हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंच्या मागाने गेल्यास, म्हणजे खारीक, साखर, हळद, मीठ आणि आरसा यांच्याकडे पाहिल्यास, सिंधू नदीच्या काठचा आणि ठाणे खाडीच्या काठचा मांडव यांतील अंतर वाटते त्यापेक्षा बरेच कमी असल्याचे दिसून येते.

सिंधमधील खारकेचा प्रदेश म्हणजे सिंधू नदीच्या दोन्ही तीरांवरील खैरपूर आणि सक्कर हे जिल्हे होत. तेथील ‘असील’ जातीचा खजूर जुलै महिन्यात भरात येतो आणि नेमका त्याच सुमारास मोसमी हवेचा दमटपणा सुरू होतो, त्यामुळे फळ झाडावरच पूर्ण पिकू दिले तर ते आंबण्याची किंवा सडण्याची भीती असते. यावर तेथील बागायतदारांनी काढलेला उपाय असा, की फळ पिवळे व कडक असतानाच घड उतरवायचे, ती फळे मोठ्या कढयांत पाण्यात उकळायची आणि चटयांवर पसरून कडक उन्हात अनेक दिवस वाळवायची. उकळल्याने पिकण्याची क्रिया थांबते, उन्हाने पाणी निघून जाते आणि सुरकुतलेली, टणक, वर्षभर टिकणारी खारीक तयार होते. बाजारात मऊ खजुराला आखाती देश, इराण आणि इराक यांची मोठी स्पर्धा असते. खारकेला मात्र भारत हेच सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते, कारण ओटी, प्रसाद, बाळंतिणीचे लाडू आणि उपवासाचे पदार्थ यांसाठी टिकाऊ फळाची मागणी येथे बारमाही असते. ज्या हवामानाने सिंधचा खजूर पूर्ण पिकू दिला नाही, त्याच हवामानाने त्याला महाराष्ट्रातील ओटीत आणून बसवले, असे म्हणता येते.

पाकिस्तानातील लग्न हा तीन-चार दिवसांचा, काही घरांत आठवडाभराचा, समारंभ असतो. प्रारंभ ‘मायूं’ या विधीने होतो. त्यात वधूला पिवळे कपडे घालून, बेसन, हळद, चंदन आणि तेल यांचे उटणे लावून घरातच बसवले जाते आणि लग्नाच्या दिवसापर्यंत तिने साजशृंगार करू नये, असा दंडक असतो. त्यानंतर मेंदीची रात्र येते. वराकडच्या स्त्रिया मेंदीची सजवलेली ताटे घेऊन वधूच्या घरी येतात, ढोलकीवर गाणी होतात आणि दोन्ही पक्षांच्या स्त्रिया एकमेकींना गाण्यातूनच टोमणे मारतात. नवी मुंबईतील आगरी-कोळी गावांमध्ये हळदीच्या रात्रीचा थाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या रात्रीचा स्वभाव समजावून सांगावा लागणार नाही. पनवेल-तळोजे पट्ट्यातील कोकणी मुसलमानांच्या लग्नांतही हळद आणि मेंदी या दोन्हींना स्थान आहे. आणि इस्लामी धर्मशास्त्राने यांपैकी काहीही बंधनकारक केलेले नसल्यामुळे, हे विधी धर्माबरोबर न येता त्या त्या भूमीतूनच लग्नात आले, असे मानता येते.

धर्मशास्त्राच्या दृष्टीने लग्न म्हणजे निकाह, आणि निकाह हा एक करार आहे. एका पक्षाने प्रस्ताव मांडणे आणि दुसऱ्याने तो साक्षीदारांसमक्ष स्वीकारणे, म्हणजे इजाब आणि कबूल, हा त्याचा गाभा होय. वराने वधूला द्यावयाची रक्कम किंवा मालमत्ता, म्हणजे मेहर, त्यातच ठरते. पाकिस्तानात १९६१ च्या मुस्लिम कौटुंबिक कायद्याच्या अध्यादेशाने निकाहाची नोंदणी आवश्यक केली आणि ‘निकाहनामा’ हा छापील नमुना प्रचारात आला. त्यातील अठराव्या रकान्यात पतीने तलाकचा अधिकार पत्नीकडे सोपवला आहे का, हे नोंदवता येते. वधूच्या दृष्टीने संपूर्ण समारंभातील ही सर्वांत मोलाची ओळ असताना, अनेक ठिकाणी वडीलधारी मंडळी किंवा निकाह लावणारे काझी तो रकाना परस्पर रेघ मारून बंद करतात, ही गोष्ट तेथील स्त्री-हक्क कार्यकर्त्यांनी वारंवार चव्हाट्यावर आणली आहे, आणि ती आणण्याजोगीच आहे.

निकाहानंतर खारीक, बदाम आणि मिश्री, म्हणजे खडीसाखर, यांच्या पुड्या वाटल्या जातात आणि वर-वधूंची दृष्टभेट घडवली जाते. उत्तर भारतातून कराचीत गेलेल्या उर्दूभाषक कुटुंबांत या भेटीला ‘आरसी मुसहफ’ म्हणतात. वर-वधूंच्या डोक्यावर एकच ओढणी धरतात, समोर आरसा आणि कुराण ठेवतात आणि दोघे परस्परांचे मुख प्रथम आरशातच पाहतात. मराठी लग्नातील सूनमुखाच्या विधीत सासू नव्या सुनेचे मुख आरशात पाहून तिच्या तोंडात साखर घालते. पाहणारी व्यक्ती बदलली, तरी नवे नाते थेट नजरेने न जुळवता आरशातून जुळवावे, ही कल्पना दोन्हीकडे सारखीच आहे. वराचे जोडे पळवून मेहुण्यांनी पैसे उकळण्याची ‘जूता छुपाई’ आणि नवरीच्या भावाने वराचा कान पिळून मानपान घेण्याची मराठी कानपिळी यांच्यातही असेच सख्य दिसते. वधूची पाठवणी, म्हणजे रुखसती, झाल्यानंतर वराकडून ‘वलीमा’ हे भोजन दिले जाते. बारातीच्या, म्हणजे वराचे वऱ्हाड येते त्या, दिवशी वधूपक्षाने दिलेले जेवण हा केवळ रिवाज असतो, तर वलीमा ही पैगंबरांच्या आचरणातून आलेली रीत मानली जाते.

या जेवणांत कोरमा, बिर्याणी किंवा पुलाव, तंदूरची नान आणि गोडाचा एखादा पदार्थ असा सर्वसाधारण बेत असतो. पण प्रांतागणिक त्याचा चेहरा बदलतो. बलुचिस्तानात कोकराचे मांस मीठ लावून सळईवर, निखाऱ्यांभोवती उभे ठेवून भाजले जाते व त्याला सज्जी म्हणतात. पेशावरकडे गाजर आणि बेदाणे घातलेला काबुली पुलाव मानाचा. तर सिंधी बिर्याणीत बटाटे आणि वाळवलेले आलुबुखारे यांचा आंबूस तिखटपणा असतो. गोडात ‘जर्दा’ म्हणजे साखर, तूप आणि सुकामेवा घालून पिवळा रंगवलेला भात. मराठी पंगतीतील केशरी साखरभाताशी त्याचे नाते इतके जवळचे आहे, की दोहोंना एकाच घराण्यातील मानणे भाग पडते. हिवाळ्यातील लग्नांत गुलाबी रंगाचा काश्मिरी चहा असतो. हिरव्या चहाची पाने खाण्याच्या सोड्याबरोबर दीर्घकाळ उकळून, त्यात हवा मिसळेल अशा रीतीने तो वरून ओतत राहून मग दूध घातले, की हा रंग येतो.

लग्नातील जेवणावळींचा खर्च तेथेही कर्जाचे एक मोठे कारण ठरला आहे. १९९७ मध्ये नवाझ शरीफ यांच्या सरकारने लग्नात जेवण देण्यावरच बंदी घालून केवळ चहा आणि शीतपेयांना परवानगी दिली होती, आणि पुढे पंजाब प्रांताच्या २०१६ च्या कायद्याने एक कालवण, एक भात, रोटी, कोशिंबीर आणि एक गोड पदार्थ एवढाच बेत व रात्री दहापर्यंत समारंभ आटोपण्याची मर्यादा घातली. अन्नटंचाईच्या काळात भारतातही पाहुण्यांच्या संख्येवर निर्बंध आले होते, पाकिस्तानात मात्र ताटातील पदार्थच मोजण्याचा प्रयोग झाला.

नवी मुंबईच्या परिसरात पाकिस्तानातील लग्नपरंपरेचा सर्वांत जिवंत अंश आढळतो, तो सिंधी हिंदूंच्या घरांत. सिंधचे आणि या किनाऱ्याचे नाते फाळणीहून बरेच जुने आहे. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १९३६ पर्यंत त्याचा कारभार मुंबईतूनच चालत असे. सिंधच्या शिक्षण खात्यात काम करणाऱ्या नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी अधिकाऱ्याकडे १८६८ मध्ये सिंधी व्यापारी आपल्या खतावण्यांसाठी वापरीत असलेल्या खुदाबादी लिपीला प्रमाण रूप देण्याचे काम आले होते, आणि कराचीतील एक जुनी सरकारी शाळा अद्यापही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कोकणी मुसलमानांची वस्तीही कराचीत झाली व ‘कोकण’ हे नाव तेथील एका सहकारी गृहनिर्माण वसाहतीने धारण केले. त्यामुळे फाळणीनंतर, विशेषतः ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतील दंगलीनंतर, जहाजांनी मुंबईला उतरलेले सिंधी निर्वासित अगदी अपरिचित बंदरात आले नव्हते. त्यांच्यापैकी सुमारे एक लाख लोकांना कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचे उल्हासनगर झाले. बराकीतल्या एका खोलीत दोन-दोन कुटुंबे राहत असतानाही लग्ने लागत होती आणि विधी गाळले जात नव्हते, याचे महत्त्व कमी लेखता येत नाही. ज्यांची शेती, पेढ्या आणि वाडे मागे राहिले होते, त्यांच्याजवळ बरोबर आणता येण्याजोगे जे थोडे होते, त्यात हे विधी होते.

सिंधी लग्नाची बोलणी साखरेने पक्की होतात. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी नारळ आणि खडीसाखर देऊन शब्द दिला, की ती ‘कच्ची मिश्री’, आणि पुढे ब्राह्मणाच्या उपस्थितीत, सात सुवासिनींनी खडीसाखरेने भरलेल्या मातीच्या मडक्यावर गणेशाची आकृती काढून विधिपूर्वक केली, ती ‘पक्की मिश्री’. मराठी साखरपुड्यातही साखरेनेच वचन बांधले जाते, तेव्हा येथील शेजाऱ्यांना हा विधी परका वाटण्याचे कारण नव्हते. त्यानंतर ‘लाडा’ म्हणजे लग्नगीतांच्या रात्री सुरू होतात. लग्नापूर्वी जलदेवता झूलेलाल यांच्या नावाने ‘बहराणो’ काढला जातो. कणकेच्या गोळ्यावर तेवती वात, भोवती खडीसाखर, वेलदोडे आणि फळे असे ताट सजवून, ढोल-सनईच्या साथीने ‘छेज’ हे लोकनृत्य करत ते पाण्यापर्यंत नेतात व विसर्जन करतात. मूळ सिंधमध्ये हे पाणी सिंधू नदीचे असे. येथे जवळची नदी, तलाव किंवा खाडी तिचे काम करते.

लग्नाच्या तोंडावर ‘तिह’ हा विधी येतो. वधूपक्षाचा पुरोहित तांदूळ, नारळ, नऊ खारका, साखर, लवंगा, वेलदोडे आणि हिरव्या रेशमाचा धागा अशी सामग्री व मुहूर्ताचा कागद घेऊन वराच्या घरी जातो आणि पूजेत ती वराच्या मांडीवर ठेवली जाते. म्हणजे मराठी घरांत जी ओटी स्त्रीची भरली जाते, तिच्याशी बरेच साम्य असलेली ओटी येथे पुरुषाची भरली जाते, आणि दोहोंत खारीक अटळ आहे. ‘घरी’ या विधीत सुवासिनी जात्यावर गहू दळतात. मराठी लग्नघरातील हळद कांडण्याच्या आणि घाणा भरण्याच्या विधीचे ते सिंधी भावंड म्हणावे लागेल. मग वराच्या डोक्यावर सात सुवासिनी तेल ओततात, तो उजव्या पायाने मातीची पणती फोडतो आणि नातलग त्याच्या अंगावरचे जुने कपडे टराटरा फाडतात. जुने आयुष्य आणि त्याच्याबरोबरची दृष्ट गेली, असा त्याचा अर्थ लावला जातो. वधूला काही दिवस घरात बसवून तेल-उटणे लावण्याची ‘वनवाह’ ही प्रथा सिंधमधील मुसलमान कुटुंबांतही पाळली जाते आणि तेथील वराच्या खांद्यावर नीळ व मंजिष्ठेच्या रंगांत ठशांनी छापलेली शाल, म्हणजे अजरक, असते. प्रत्यक्ष लग्नात पदराला पदर बांधणारी गाठ, ‘हथियालो’ म्हणजे वर-वधूंचे उजवे हात लाल वस्त्राने बांधणे आणि अग्नीभोवती चार फेरे एवढ्यात संस्कार पूर्ण होतो.

या साऱ्या मालिकेतील सर्वांत अर्थगर्भ विधी मात्र फेऱ्यांनंतरचा आहे. मराठी नववधू सासरच्या उंबऱ्यावर तांदळाचे माप ओलांडते. सिंधी नववधू घराच्या कोपऱ्यांत दूध शिंपडते आणि मग ‘दातार’ या विधीस बसते. ती ओंजळभर मीठ पतीच्या ओंजळीत घालते, तो ते तिच्या ओंजळीत परत देतो आणि असे तीनदा, एकही खडा खाली न सांडता, केले जाते. त्यानंतर सासू, सासरे, दीर, जाऊ, नणंद अशा घरातील प्रत्येकाशी ती हीच देवघेव करते. सप्तपदी असो वा निकाह, मुख्य संस्कारात पती आणि पत्नी एवढेच दोघे बांधले जातात; दातारमध्ये मात्र घरातला प्रत्येक माणूस नव्या सुनेशी स्वतंत्रपणे, स्वतःच्या हातांनी बांधला जातो आणि तिच्याइतकीच जबाबदारी स्वतःवर घेतो. खाल्ल्या मिठाला जागण्याची भाषा मराठीतही आहे, परंतु तिचा असा स्पष्ट विधी येथे झाला नाही. काही दिवसांनी नवे जोडपे वधूच्या माहेरी जेवायला जाते, तो ‘सतवाडो’ होय.

सिंधी घरांतील जेवणात मूळ भूमीचे पाणी अधिक जाणवते. ‘भी’ म्हणजे कमळाचा देठ, मराठीत कमळकाकडी. सिंधमधील मंचर सरोवरासारख्या मोठ्या जलाशयांत ती मुबलक असल्याने तेथील पाककलेत तिला बटाट्याइतके रोजचे स्थान मिळाले आणि लग्नाच्या पंगतीतही ती टिकली. पालक, चुका, हरभऱ्याची डाळ, बटाटा आणि टोमॅटो एकत्र शिजवून घोटलेली ‘साई भाजी’, भाजलेल्या बेसनाची, चिंचेची आणि भाज्यांनी भरलेली सिंधी कढी, लग्नघरच्या सकाळच्या न्याहारीस हरभऱ्याची डाळ व कुरकुरीत तळलेल्या मैद्याच्या पुऱ्या असलेले डाळ-पकवान, गोडात गूळ किंवा साखर व बडीशेप घातलेला ‘ताहिरी’ भात आणि शेवेची मिठाई, असा हा बेत असतो. पाहुणा येताच पाण्याबरोबर भाजलेला पापड पुढे करण्याची रीत उन्हाळ्यात घामाने जाणारे मीठ भरून काढणारी असावी. याच पापडांच्या घरगुती उद्योगाने छावणीच्या दिवसांत उल्हासनगरातील कित्येक स्त्रियांनी संसार सावरले. झूलेलालांचे वाहन मानला जाणारा पल्ला मासा समुद्रातून सिंधू नदीत चढत असे. १९५५ मध्ये कोटरी येथे बंधारा पुरा झाल्यावर त्याची वाट आखडली, आणि ज्या पल्ल्याची चव आजी-आजोबा सांगत, तो सिंधमध्येही दुर्मिळ होत गेला.

सिंधमध्ये राहिलेल्या हिंदूंच्या वाट्याला वेगळी अडचण आली. फेरे होत होते, दातार होत होता, पण विवाहाची नोंद करणारा कायदाच नव्हता. त्यामुळे विधवेला वारसा मागताना किंवा विवाहितेला ओळखपत्रावर पतीचे नाव घालताना पुरावा देता येत नसे. सिंध प्रांताने २०१६ मध्ये हिंदू विवाह कायदा केला आणि त्यापाठोपाठ २०१७ मध्ये पाकिस्तानच्या संसदेने इतर प्रांतांसाठी तसा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी मिळालेला तो कागद तेथील हिंदू स्त्रियांसाठी अतिशय मोलाचा आहे.

खारकेचा रस्ता मात्र याच काळात अरुंद होत गेला. पुलवामा येथील हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क लावले, आणि पहलगाम येथील हल्ल्यानंतर २ मे २०२५ रोजी तेथून थेट किंवा अन्य देशामार्गे होणारी सर्व आयात बंद केली. पुढच्याच महिन्यात महसूल गुप्तचर संचालनालयाने उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात ३९ कंटेनर अडवले. त्यांत १,११५ टन आणि सुमारे ९ कोटी रुपयांचा पाकिस्तानी माल होता, आणि त्यात कराचीहून दुबईमार्गे, अमिरातीचा म्हणून कागदोपत्री दाखवून आणलेली खारीक होती. खैरपूरच्या बागायतदाराला गिऱ्हाईक हवे असते आणि महाराष्ट्रातील ओटीला खारीक हवी असते, ही वस्तुस्थिती बंदीने नाहीशी होत नाही; वाशीच्या बाजाराला आता ओमानसारख्या देशांतील मालावर अवलंबून राहावे लागते. माणसांची वाट तर त्याहून घट्ट मिटली आहे. एप्रिल २०२५ च्या अखेरीस अटारीची सीमाचौकी बंद झाली आणि हिंदू नागरिकांचे दीर्घ मुदतीचे व्हिसा यांसारखे मोजके अपवाद वगळता पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, त्यामुळे उल्हासनगरच्या किंवा वाशीच्या लग्नाला कराची-सक्करचे मामा-मावशी येऊ शकत नाहीत. दोन्हीकडच्या नातलगांना दातारचे मीठ एकाच मांडवात परस्परांच्या ओंजळीत घालायचे असेल, तर त्यांना आता एखाद्या तिसऱ्याच देशात मांडव घालावा लागेल.